पुलाचा फोन

साळवे काकांच्या घरी फोनची दुसरी घंटी मी कधी ऐकली नाही. जालन्यात आमची घरं समोरासमोर. मधली गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या स्वयंपाकघरात मोजता याव्यात. फोनची घंटी मात्र एकदाच वाजायची, तीही अर्धी. लगेच काकांचा आवाज यायचा, "हां, बोला." जेवत असले तर डाव्या हाताने घ्यायचे. अंघोळीला गेले असले तर काकू न्हाणीच्या दारातून फोन आत द्यायच्या.

"दुसरी घंटी वाजली की समोरचा घाबरतो," ते म्हणायचे. "त्याला वाटतं, तिकडं कुणी हाय का न्हाई."

आणि घेतलेला फोन आपण होऊन ठेवायचा नाही. ज्याने लावला त्याने ठेवायचा. विमा विकणाऱ्या मुलींनासुद्धा ते "आणखी काही?" असं विचारत राहायचे. शेवटी त्या बिचाऱ्याच कंटाळून फोन ठेवायच्या.

काकांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. विशीत असताना परतूर तालुक्यातल्या एका लहान एक्स्चेंजमध्ये ते बोर्डावर बसायचे. समोर उभी फळी, फळीवर दिवे आणि भोकं, हाताशी दोऱ्या. कुणी घरचा फोन उचलला की फळीवर दिवा लागायचा, काका दोरी खोचून विचारायचे, "कोण पाहिजे?" पुढे बोर्ड गेले, यंत्रं आली, काका दुरुस्तीच्या कामाला लागले आणि शेवटी मुदतीच्या आधी निवृत्ती घेऊन आमच्या गल्लीत घर बांधून राहिले. आष्टीजवळच्या खैरवाडीतल्या बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेले ते पहिले. हे मला काकूंनी सांगितलं. काका स्वतःबद्दल बोलायचे नाहीत, त्यांना दुसऱ्याचं ऐकायची सवय होती.

मी इथल्या एका खाजगी तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. निवृत्तीनंतर महिनाभरातच काका दोनशे पानी वही घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. हे कॉम्प्युटर एकमेकाला फोन कसा लावतात?"

मी म्हटलं, "काका, मॅडम काय म्हणता, मी तुमच्या मुलीएवढी आहे."

"शिकवणारीला मॅडमच म्हणत्यात," ते म्हणाले आणि चपला काढून आत आले.

दर रविवारी सकाळी आमचा वर्ग भरू लागला. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे. घरी स्वतःच्या संगणकासमोर बसतानाही हात-पाय धुऊन, शर्ट बदलून बसतात असं काकू सांगायच्या. प्रोग्राम आधी वहीत लिहायचे, एका बाजूला निळ्या शाईने ओळ आणि समोर लाल शाईने तिचा अर्थ. मग एका बोटाने टंकायचे. सॉकेटला, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला, ते 'साकिट' म्हणायचे. सी भाषेतल्या पॉइंटरपाशी महिनाभर अडकून पडले, पण वर्गाला एकदाही खाडा केला नाही.

बाहेरून येणारी जोडणी स्वीकारायचा धडा माझ्या मुलांना दरवर्षी जड जातो. सर्व्हर, म्हणजे हाकेची वाट बघणारा प्रोग्राम, एक सॉकेट उघडून त्यावर कान लावून बसतो. बाहेरून कुणी हाक मारली की 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणायचं. पण अ‍ॅक्सेप्ट केलं की त्या माणसाशी बोलायला एक वेगळंच नवं सॉकेट हातात येतं आणि पहिलं तसंच कान लावून बसलेलं राहतं. इथे मुलं विचारतात, दोन कशाला, एकात भागत नाही का? दोन तास फळ्यावर चित्रं काढूनही मागच्या बाकांवरचे चेहरे कोरेच असतात.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लाल पेन खाली ठेवलं.

"यात काय अवघड हाय? दिवा एका जागी लागतो, बोलणं दुसऱ्या दोरीवर होतं. दिव्याची जागा मोकळीच ठेवावी लागते, मॅडम. एकाशी बोलून राह्यलो अन् तेवढ्यात दुसऱ्याचा आला तर?"

"आणि एकदम चार-पाच आले तर?"

"तर ते थांबतेत. वेटिंगला. पण त्याला बी हद हाय. लई झाले की बाकीच्याला आवाजच येत न्हाई."

पुस्तकात यासाठी अडीच पानं खर्ची घातली आहेत. त्या वर्षापासून मी वर्गात काकांचा बोर्डच सांगते.

त्यांचा पहिला सर्व्हर त्यांनी चार महिन्यांनी लिहिला. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून जोडणी करायची आणि त्यांनी घरी ती घ्यायची असं ठरलं. मी 'नमस्कार' असं पाठवलं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एकेक अक्षर जोडत उत्तर आलं, 'हां बोला'. संध्याकाळी मी घरी आले तर काका गल्लीत उभे होते. "आला," एवढंच म्हणाले. काकूंनी शिरा केला होता.

फजितीही त्यातच लपलेली होती. काकांच्या प्रोग्राममध्ये जोडणी तोडायची ओळच नव्हती. मी संगणक बंद करून निघून आले तरी त्यांच्याकडे ती जोडणी तशीच धरून ठेवलेली. आठवडाभरात अशा कितीतरी मेलेल्या जोडण्या साठल्या आणि सर्व्हर नव्या कुणाला घेईना. मी म्हटलं, "काका, समोरचा गेला की आपण बंद करायचं असतं."

"तो गेला हे त्यानं सांगायला पाहिजे का नको?"

"प्रत्येक जण सांगून जात नाही. लाइट जाते, मोबाइलची रेंज जाते."

काकांनी वहीची पानं चाळली. मग म्हणाले, "म्हंजी आपण धरून बसायचं अन् तिकडं कुणीच न्हाई." शेवटी ती ओळ त्यांनी लिहिली, पण समोरच्याला दहा मिनिटांची मुदत देऊन. दहा सेकंद पुरतात असं मी चारदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

हे सगळं ते हौसेने करतात असं मला वाटायचं. त्यामागचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं.

खैरवाडीला जायच्या रस्त्यावर एक ओढा आहे. त्यावर नळकांडी पूल, म्हणजे सिमेंटचे चार पाइप टाकून वर रस्ता केलेला. कठडा नाही. गावात पाऊस नसला तरी वर डोंगराकडे झाला की तासाभरात पुलावरून पाणी वाहतं. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढची मुलं आष्टीला जातात, ती काकांच्या धाकट्या भावाचा मुलगा बबन याच्या अ‍ॅपे रिक्षातून. एका पावसाळ्यात बबन मोटरसायकल घेऊन त्या पाण्यात शिरला. बाभळीला धरून तो वाचला, गाडी गेली. उंच पुलासाठी गावाचे अर्ज करून झाले होते. काकांनीही केले होते, स्वच्छ अक्षरात, पोच घेऊन.

मग त्यांनी हे यंत्र बनवलं. पुलाच्या पाइपशेजारी एक लोखंडी नळी, तिच्यात पाण्याबरोबर वर येणारा तरंगता गोळा, वर बाभळीच्या खोडाला बांधलेल्या डब्यात मोबाइलचं सिमकार्ड घातलेली सर्किटची पट्टी, बॅटरी आणि वहीएवढं सौर पॅनल. पाणी खुणेच्या वर गेलं की ती पट्टी जालन्यात काकांच्या संगणकाला जोडणी मागायची. संगणकाने ती स्वीकारली की जुन्या टेलिफोनची घंटी वाजायची, आणि काका बबनला आणि शाळेच्या गुरुजींना फोन करायचे. पाणी नसेल तेव्हाही रोज सकाळी सात वाजता यंत्राने एकदा हजेरी लावायची, मी आहे म्हणून.

गावात आधी हसले. मग त्याच पावसाळ्यात कोरड्या दुपारी काकांचा बबनला फोन गेला, "थांब, पाणी आलंय." बबन मुलांना घेऊन आष्टीत थांबला. गावातले लोक पुलावर गेले तर गुडघ्याच्या वर पाणी. त्यानंतर हसणं बंद झालं. लोक त्याला 'पुलाचा फोन' म्हणू लागले. दोन पावसाळे यंत्र एकदाही चुकलं नाही.

एकदा मी काकांबरोबर खैरवाडीला गेले होते. चहाच्या टपरीवर एक बाई मला म्हणाल्या, "आता काई भेव न्हाई बघा. काकांचा फोन न्हाई आला म्हंजी रस्ता मोकळा."

परत येताना मी बसमध्ये काकांना म्हटलं, "काका, हे उलटं हवं. रोज एकदा हजेरी पुरत नाही. दर दहा मिनिटांनी आली पाहिजे. आणि नाही आली तर पाणी आहे असंच समजून घंटी वाजली पाहिजे."

"बराबर हाय," ते म्हणाले. "करून घेऊ."

करायचं मीच होते, त्यांना तो भाग जमत नव्हता. माझ्या परीक्षा होत्या, मग सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यात करून देते असं मी सांगितलं होतं. उन्हाळा गेला.

पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच एका सकाळी सातची हजेरी आली नाही. काका पहिल्या बसने खैरवाडीला गेले, बॅटरी बदलली, दिवा लुकलुकताना बघितला आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही हजेरी नाही. त्यांनी बबनला कळवलं, "मशीन बंद हाय. माझ्या फोनवर राहू नको, उतरून बघत जा." मग वही उघडून स्वतःचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले.

"मॅडम, माझं आक्सेप्ट बसलंय. कुणाला उचलून न्हाई राह्यलं."

मी बघितलं. प्रोग्राम ठीक होता. त्यांच्याच घरातल्या दुसऱ्या संगणकावरून हाक मारली की लगेच घंटी वाजत होती. दोष बाहेर होता. घराला इंटरनेट देणाऱ्या कंपनीने गिऱ्हाईकं वाढली म्हणून प्रत्येक घराचा वेगळा पत्ता काढून घेतला होता आणि शेकडो घरांना मिळून एकच पत्ता दिला होता. अशा जोडणीत आपण बाहेर कुणालाही हाक मारू शकतो, त्याचं उत्तरही बरोबर आपल्याकडे येतं. पण बाहेरून कुणी आपण होऊन हाक मारली तर ती कोणत्या घरासाठी आहे हे कळायला मार्ग नसतो. ती तिथेच विरते. गल्लीतल्या कुणालाच फरक पडला नव्हता. सगळे सिनेमे बघत होते. बाहेरच्याची वाट बघत बसलेले फक्त साळवे काका होते.

मग तक्रार सुरू झाली. काका शर्ट बदलून फोन लावायला बसायचे. स्पीकर चालू ठेवायचे, म्हणजे मला समोर ऐकू यावं.

"सर, आपका नेट चालू है?"

"चालू हाय."

"स्पीड बराबर आ रही है?"

"आ रही है. लेकिन बाहर से अंदर कोई आ नहीं सकता."

"सर, आप यूट्यूब खोलके देखिए."

"खुलता है, बेटा. मैं बाहर जा सकता हूँ. बाहरवाला अंदर नहीं आ सकता."

"सर, कौन अंदर नहीं आ सकता?"

"पूल," काका म्हणाले.

पलीकडच्या मुलीने तक्रारीचं निवारण झालं आहे असं सांगितलं आणि सेवेला किती गुण द्याल ते विचारलं. फोन काकांनी ठेवला नाही, तिनेच ठेवला. असं तेरा दिवस चाललं. रोज नवा आवाज, रोज पहिल्यापासून सांगायचं. मी यंत्राला दुसरा मार्ग काढून द्यायचा विचार करत होते. भाड्याचा एखादा सर्व्हर घ्यायचा, पुलाने तिकडे हाक मारायची आणि काकांनीही घरून तिकडेच जायचं. त्याच्याबरोबर ती दहा मिनिटांच्या हजेरीची दुरुस्तीही होऊन गेली असती. एका रविवारचं काम. "येत्या रविवारी बसू," असं मी म्हटलं. त्या रविवारी माझ्या नणंदेकडे साखरपुडा निघाला. "पुढच्या रविवारी नक्की," मी म्हटलं.

"तुमचं होऊ द्या, मॅडम. जल्दी न्हाई," काका म्हणाले.

मंगळवारी काका स्वतः त्या कंपनीच्या जालन्यातल्या कचेरीत गेले आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. शेवटी तिथल्या एका तंत्रज्ञाला दया आली असावी. त्याने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, कुठेतरी काहीतरी बदललं आणि सांगितलं, "झालं काका, तुमचा वेगळा पत्ता परत दिलाय."

बुधवारी सकाळी सात वाजता घंटी वाजली. मी आमच्या घरात ऐकली. काकांनी खिडकीतून मला हात केला आणि लगेच बबनला फोन लावला. त्यांचा आवाज गल्लीभर पोचला.

"बबन, मशीन चालू झालं. आता काळजी करू नको."

बदल कायमचा नाही, जोडणी एकदा तुटून परत लागली की पुन्हा तोच सगळ्यांचा सामाईक पत्ता येईल, हे त्या तंत्रज्ञाने सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाही माहीत नसेल. मी विचारायला हवं होतं. मला हे माहीत असतं, मी हेच शिकवते.

शुक्रवारी दुपारी आमच्या भागातली लाइट अर्धा तास गेली. काकांचा संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण गल्लीच्या टोकाला कंपनीचा डबा आहे तो बंद पडला आणि लाइट आल्यावर परत सुरू झाला. काकांच्या पडद्यावर काहीच बदललं नाही. सर्व्हर कान लावून बसला आहे असंच तिथे दिसत होतं.

जालन्यात ऊन होतं. काका चार वाजल्यापासून संगणकासमोर बसलेले होते, रोजच बसायचे, मुलांची शाळा सुटायची वेळ म्हणून. पुढे त्यांनी मला सांगितलं की एकदा मनात आलं होतं, बबनला विचारावं तिकडं आभाळ कसं आहे. मग वाटलं, मशीन चालू आहे, उगाच गाडी चालवताना फोन कशाला.

तिकडे डोंगरात पाऊस झाला होता. बबन पुलापाशी आला तेव्हा पाणी रस्त्यावर पसरलेलं होतं, गढूळ, किती खोल ते कळत नव्हतं. रिक्षात पाच मुलं. त्याने थांबून फोन बघितला. काकांचा फोन आलेला नव्हता. म्हणजे खुणेच्या खालीच आहे, असं समजून त्याने गाडी घातली. मधोमध गेल्यावर रिक्षा कलली.

चार मुलं निघाली. बबनने दोन काढली, शेतातून धावत आलेल्या लोकांनी दोन. सहावीतली ज्ञानेश्वरी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, दीड किलोमीटर खाली.

काका त्याच दिवशी खैरवाडीला गेले. चौथ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत बाभळीवरचा तो डबा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"यात किती वेळा लावला ते लिहिलेलं असतं न्हाई का?"

असतं. मी पट्टी संगणकाला जोडली. काका उभेच होते. त्या दुपारी तीन चाळीसपासून साडेपाचपर्यंत यंत्राने एकेचाळीस वेळा हाक मारली होती. प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा, उत्तर नाही.

"एकेचाळीस," काका म्हणाले. पाणी आणायला मी आत गेले आणि माठापाशी उभी राहिले.

बबनवर गुन्हा दाखल झाला, निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा. तो जामिनावर सुटला, पण घराबाहेर पडेना. काकांनी मला विचारलं, "तुम्ही माझ्यासंगं ठाण्यात येता का? मला सांगता येईल, पण त्यातलं तुम्हाला जास्ती समजतं." आम्ही गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात वही आणि त्या एकेचाळीस ओळींचा छापील कागद.

फौजदार भला माणूस होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, कागद हातात घेऊन वरून खाली बघितला.

"साहेब, माझा जबाब लिहून घ्या," काका म्हणाले. "पोराचा दोष न्हाई. मी त्याला सांगितल्तं, चालू झालं म्हणून. ते चालू नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं का, चालू नाही ते?"

"न्हाई."

"मग?"

"माहीत पाहिजे होतं. माझं काम होतं ते."

"काका, तुम्हाला हे काम कुणी दिलं होतं? ग्रामपंचायतीनं? शाळेनं?"

"कुणी न्हाई."

फौजदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याला पत्ता कसा बदलला, हाक कशी विरते, ते समजावू लागले. तो मन लावून ऐकत होता आणि त्याला काहीही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. एका रविवारी बसून हे मी दुरुस्त करायचं होतं, दोन वेळा कबूल करून मी बसले नाही, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते मी बोलले नाही. आजवर कुणाकडेच बोलले नाही, काकांकडेही नाही. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी ते एका शब्दाने काढलं नाही.

"पाण्यात गाडी कुणी घातली?" फौजदाराने शेवटी विचारलं.

"बबननं."

"मग मी तुमचं काय लिहू, काका? फोन केला नाही, हे कोणत्या कलमात बसवू? तुम्ही चांगल्यासाठीच करत होतात. घरी जा."

"निदान हा कागद तरी ठेवून घ्या."

"त्याचा मला उपयोग नाही." कागद त्याने नीट घडी घालून परत काकांच्या हातात दिला.

तिथून काका मला घेऊन खैरवाडीला गेले, ज्ञानेश्वरीच्या घरी. तिचे वडील विष्णू कपाशी करतात. ते ओसरीवर बसले होते. काकांनी त्यांच्यासमोर उभं राहून तेच सांगितलं, फौजदाराला सांगितलं तसं, पहिल्यापासून. एकेचाळीसचा आकडाही सांगितला. विष्णूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, तुम्ही तरी कायतरी करत व्हता. बसा." आतून पाण्याचा तांब्या आला. काकांना पाणी पिववेना. शिव्या घातल्या असत्या तर ते खाली बसले असते असं मला वाटतं. ते उभेच राहिले आणि मग आम्ही निघालो.

त्यानंतर जालन्यातलं घर त्यांनी काकू आणि मुलीच्या ताब्यात दिलं आणि ते खैरवाडीला राहायला गेले. "तिकडं शेताकडं बघतो," असं सांगून गेले. संगणकावर काकूंनी चादर टाकली. सुरुवातीला मी फोन करायचे. पहिल्याच घंटीला काका उचलायचे, "हां, बोला" म्हणायचे आणि मग मी काहीतरी विचारायचे, पाऊसपाणी, तब्येत. माझं बोलणं संपलं तरी ते ठेवायचे नाहीत. मलाच ठेवावा लागायचा. ते मला जमेनासं झालं आणि हळूहळू मी फोन करणं सोडलं.

गेल्या पावसाळ्यात मी न कळवता निघाले. आष्टीतून खैरवाडीवरून पुढे जाणारी एसटी धरली. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवत होते. ओढा यायच्या आधीच गाडी थांबली. पुढे दोन मोटरसायकली आणि एक टेम्पो उभा होता. रस्त्याच्या मधोमध काका होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, हातात खुणा केलेला बांबू. शर्ट मळलेला होता. त्यांना तशा शर्टात मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी आमच्या गाडीकडे तळहात दाखवला, थांबा म्हणून.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"घोट्याएवढं बी न्हाई पानी," तो कंडक्टरला म्हणाला. "पन हे म्हातारं सोडत न्हाई. कुनाचंच ऐकत न्हाई."

"किती वेळ धरतंय?" माझ्या पुढच्या बाकावरच्या माणसाने विचारलं.

"कवा वीस मिन्टं, कवा तासभर. जाऊ द्या. पोरगी गेल्ती न्हाई का इथं."

माझी जागा खिडकीजवळ होती. काका आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होते. दार उघडून उतरायचं आणि चालत जायचं, एवढंच होतं. मी पिशवी मांडीवर घेतली आणि तशीच बसून राहिले. काका पाण्यात उतरले, बांबू रोवला, वाकून खूण बघितली, दोन पावलं पुढे गेले, परत रोवला. मग मागे वळून आमच्याकडे न बघताच त्यांनी पुन्हा हात वर केला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. हात तसाच होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला आणि ते रस्त्याच्या कडेला सरले. आमची गाडी पाण्यातून सावकाश पलीकडे गेली. माझी खिडकी त्यांच्या अगदी जवळून गेली तेव्हा ते खाली चाकाकडे बघत होते, पाणी कुठवर येतं ते.